ओडाफा गेला, रँटी गेला. पुढे काय झाले?

गोव्याच्या फुटबॉलमध्ये एक प्रयोग कुणी मुद्दाम न करता घडून गेला. 2011 मध्ये चर्चिल ब्रदर्सचा नायजेरियन आघाडीवीर ओडाफा ओकोली कोलकात्याच्या मोहन बागानने उचलला. भारतात तोवर कुठल्याच फुटबॉलपटूला मिळाला नव्हता एवढा पैसा त्याला मिळाल्याची तेव्हा चर्चा होती. पुढच्याच वर्षी धेंपोचा रँटी मार्टिन्स, तोही नायजेरियाचाच, कोलकात्याच्याच प्रयाग युनायटेडकडे गेला. जाण्यापूर्वीच्या आय-लीग हंगामात त्याने 32 गोल ठोकले होते आणि धेंपोला पाचवे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले होते. दोन क्लब गोव्याचे, दोन आघाडीवीर नायजेरियाचे, दोघांनाही कोलकात्याच्या पैशाने ओढून नेले. पत्रादेवीच्या अलीकडे, बांदा-सावंतवाडीकडच्या फुटबॉलवेड्यांमध्ये तेव्हा एकच सूर होता: आता गोव्याचे काही खरे नाही.

चर्चिलच्या बाबतीत तो सूर साफ खोटा ठरला. ओडाफाशिवाय दुसऱ्याच हंगामात, 2012-13 मध्ये, सुभाष भौमिक यांच्या हाताखाली चर्चिलने आय-लीग जिंकली. एका माणसावर उधळायचे ते त्यांनी चार-पाच जागी वाटून टाकले होते. पुढे आंरी आंशुए आणि अक्रम मोघराबी, मागे लेबनॉनचा बिलाल, मधल्या फळीत घरचा लेनी रॉड्रिग्ज आणि हंगामाच्या उत्तरार्धात पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून उसना आणलेला सुनील छेत्री. तिकडे मोहन बागानला ओडाफाच्या तीन हंगामांत एकदाही लीग जिंकता आली नाही. 9 डिसेंबर 2012 च्या ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले, प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला आणि बागानने उत्तरार्ध खेळायलाच नकार दिला. त्यासाठी झालेली बंदी कशीबशी उठली, पण तोवर मिळवलेले गुण शून्यावर आले. बागानने लीग जिंकली ती 2015 मध्ये, ओडाफा गेल्यानंतर.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झाले तर मग, ताऱ्याला जाऊ द्यावे. पण धेंपोची गोष्ट उलटी आहे. रँटी गेल्यावर धेंपो पुन्हा विजेता झालाच नाही. आर्मांदो कुलासोंसारखा प्रशिक्षक 2013 मध्ये ईस्ट बंगालला गेला, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक यांची पिढी थकत आली आणि 2015 मध्ये पाच वेळचा विजेता खालच्या श्रेणीत घसरला. आणि ज्यांनी पैसा मोजून रँटीला नेले त्यांचे तरी काय झाले? रँटीने तिथेही 26 गोल केले. प्रयाग युनायटेड चौथ्या क्रमांकावर राहिला. मग प्रायोजकाने हात काढून घेतला आणि 2014 मध्ये क्लब परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे लीगमधून बाहेर गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच निकषांवर विजेत्या चर्चिललाही बाहेर काढले गेले.

म्हणजे तारा ठेवणारे बुडाले, सोडणारे जिंकले, नेणारे फसले, असा सोपा निकाल यातून निघत नाही. निघते ते वेगळेच. कुठल्याही क्लबने ताऱ्याच्या मागणीला हो म्हटले की नाही यावर त्याचे भवितव्य ठरले नाही. उरलेल्या दहा जणांसाठी तिजोरीत काय राहिले आणि ती तिजोरी कुणाच्या जिवावर भरत होती, यावर ठरले.

गोव्यात ती भरत होती मालकाच्या खिशातून. धेंपो, साळगावकर ही नावे खनिजाच्या धंद्यातून मोठी झाली. फातोर्ड्याच्या मैदानावरच्या तिकीटविक्रीतून परदेशी आघाडीवीराचा पगार कधीच निघाला नसता, आणि निघावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. धेंपोंनी आपला खाणव्यवसाय 2009 मध्ये सेसा गोवाला विकला. सप्टेंबर 2012 मध्ये तर साऱ्या गोव्याच्या खाणी बंद पडल्या. खनिज थांबले की त्यावर जगणाऱ्या साऱ्या गोष्टी कशा गप्प होतात हे रेडीच्या माणसाला वेगळे सांगायला नको. जून 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढले. कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचे होते. त्यात आय-लीग दुय्यम ठरणार होती. पण जो क्लब स्वतःच्या कमाईवर उभा असतो तो असा एका पत्रावर अंग काढून घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

जास्त पैसे मागणारा खेळाडू आपल्याकडे लगेच लोभी ठरतो. ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य असे उच्चारले जाते की जणू दुसऱ्या कशासाठी तरी जाणे अधिक सोवळे असते. दोडामार्ग-सावंतवाडीची शेकडो पोरे रोज सकाळी दुचाकीला किक मारून गोव्यात कामाला जातात, ती काय हवापालटासाठी? आघाडीवीराची पायातली ताकद दहा-बारा वर्षे टिकते. गुडघ्याचा एक अस्थिबंध तुटला की क्लबच्या कार्यालयातला फोन वाजायचा बंद होतो. त्याने बाजारभाव मागावा, खुशाल मागावा. दोष मागणाऱ्याचा नसतो. देणाऱ्याला आपला आकडा ठाऊक नसतो, खरी अडचण तिथे आहे.

हा आकडा सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांना बराच बरा कळतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नाटक ठरवायला आलेले गावकरी पहिला प्रश्न विचारतात, “राजपार्टी कोण आसा?” राजा नावाजलेला असेल तर नाटकाला चार पैसे जास्त मिळतात, म्हणून कंपनीचा मालकही त्या नटाला जास्त देतो. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण पहाटेपर्यंत नाटक रंगते ते पेटी धरून बसलेल्या हरदासामुळे, पखवाजामुळे, झांजेमुळे आणि संकासुराच्या चावटपणामुळे. “हरदास बरो नाय तर राजा काय करतलो?” असे म्हणणारा जाणता प्रेक्षक इथे प्रत्येक जत्रेत भेटतो. राजाला वाढवून द्यायचे म्हणून पखवाजवाल्याला कमी दिले, तर पुढच्या हंगामात तो दुसऱ्या कंपनीत दिसतो. मग राजा एकटाच तलवार फिरवत राहतो.

याच मातीतल्या कबड्डीने 2023 मध्ये हाच धडा आकड्यांत मांडला. प्रो कबड्डीच्या मुंबईतल्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांहून जास्त मोजले, तर पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख. खरेदी जवळजवळ सारखीच. टायटन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले. पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. पवन काही वाईट खेळाडू नव्हता, आजही नाही. पण पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही वर्षानुवर्षे एकत्र घडलेली फळी आधीपासून होती. शादलू त्या भिंतीवरचा शेवटचा चिरा होता. टायटन्सने चिऱ्यावर पैसे घातले आणि भिंत बांधायचीच राहिली. पुढच्या लिलावात शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला, आणि त्या वर्षीचे विजेतेपदही हरियाणाकडे गेले. तेव्हा मोठा खेळाडू म्हणजे वायफळ खर्च, असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

पॅरिसने तर हे सगळे राजेशाही थाटात करून दाखवले. 2021 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला आपल्या लिओनेल मेस्सीला ठेवणे अशक्य झाले. क्लबच्या डोक्यावर 135 कोटी युरोंचे कर्ज असल्याचे अध्यक्ष लापोर्तांनीच तेव्हा सांगितले. मेस्सी पॅरिसला गेला. तिथे नेमार आणि एम्बापे आधीच होते. तिघे एकत्र असताना चॅम्पियन्स लीग काही मिळाली नाही. तिघेही निघून गेल्यावर, 31 मे 2025 रोजी म्युनिकमध्ये, पॅरिसने इंटर मिलानला 5-0 असे धुतले आणि ती जिंकली. एम्बापेच्या थकलेल्या पगाराचा वाद मात्र कामगार न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2025 मध्ये क्लबला सुमारे 6 कोटी युरो देण्याचा आदेश झाला. कबूल केलेले पैसे द्यावेच लागतात, मग खेळाडूशी पटो वा न पटो.

देशी फुटबॉलला हा मुद्दा आणखी झोंबतो. महासंघ आणि रिलायन्सच्या कंपनीमधला पंधरा वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपणार होता. तो पुढे वाढेना, म्हणून जुलैमध्येच इंडियन सुपर लीगचा हंगाम लटकला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार थांबवले. ज्या संघात सुनील छेत्री, त्या संघाची ही अवस्था. लीग अखेर सुरू झाली ती 14 फेब्रुवारी 2026 रोजी, छोट्या वेळापत्रकासह. अशा काळात ताऱ्याला किती द्यावे हा वाद घालणे म्हणजे छप्पर उडालेल्या घरात झुंबर कुठे टांगायचे ते ठरवणे, असे कुणी म्हणेल. उलट आहे. हा वाद वेळेवर, शुद्धीवर राहून घातला असता तर छप्पर थोडे तरी घट्ट राहिले असते.

मग द्यावेत की नाही? द्यावेत, पण तीन अटींवर. पहिली अट बाकी संघाची: सगळ्यांच्या हंगामभराच्या पगाराची तरतूद झाल्याशिवाय ताऱ्याच्या वाढीची बोलणी सुरूच करू नयेत. दुसरी, वाढ मागच्या वर्षीच्या गोलांसाठी नव्हे, पुढच्या वर्षीच्या खेळासाठी असते. लिव्हरपूलने एप्रिल 2025 मध्ये मोहम्मद सलाहला दोन वर्षांचा नवा करार दिला, लीगही जिंकली. आणि डिसेंबर उजाडेपर्यंत तोच सलाह बाकावर बसून क्लबवर जाहीर नाराजी काढत होता. वय बत्तिशीच्या पुढे गेले की स्थिर रक्कम कमी आणि खेळलेल्या सामन्यांवरची जास्त, एवढे व्यवहारज्ञान क्लबला असायला हवे. तिसरी अट कराराची. आपल्याकडे वर्षा-वर्षाच्या करारांची सवय होती, त्यामुळे करार संपला की खेळाडू फुकट जायचा. 2020 मध्ये एफसी गोवाचा ह्युगो बूमूस मुंबई सिटीकडे गेला तेव्हा मुंबईला करारातली सुटकेची रक्कम गोव्याला मोजावी लागली. मुंबईने पुढच्या हंगामात साखळी आणि चषक दोन्ही जिंकले. गोव्याच्या हाती निदान काहीतरी पडले. नाही म्हणायचे असेल तर असे हात भरून म्हणावे.

या अटी कुणा मोठ्या क्लबसाठीच आहेत असे नाही. मालवण-कणकवलीकडे हल्ली टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांतही लिलाव होतात, ‘आयकॉन’ खेळाडू मुंबईहून मागवले जातात, आणि वर्गणीतला मोठा घास एकाच्याच ताटात जातो. गावच्या पोरांना टी-शर्टवर समाधान मानावे लागते. मंडळांनी एक करावे: लिलावाच्या आदल्या दिवशी एकूण जमा किती आणि एका खेळाडूवर जास्तीत जास्त किती, हे दोन आकडे देवळासमोरच्या फलकावर लावावेत. पंच आणि गुणलेखकाचे मानधन त्याआधीच बाजूला काढून ठेवावे.