वेग मोजा, पण बांधावर उभं राहून

तलाठ्यानं पारावर बसून पेरा लिहून न्यायचे दिवस गेले. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानंच शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. गोष्ट चांगली आहे, पण फोटो जायला रेंज लागते त्याचं काय? कन्नड, सोयगावकडच्या डोंगराच्या कुशीतल्या गावांत जाऊन बघा. अर्ध्यावर चक्र फिरत राहतं, मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "स्पीड टेस्ट करून बघा." केली, तर पडद्यावर मोठ्या अक्षरात पंधराचा आकडा. "मग रेंज झकास आहे की!" शेतकरी गप्प. आकडा खोटा नसतो. पण तो कशाचा आहे, हे कुणी सांगत नाही.

हे ॲप मोजतं कसं? आधी एक चिमुकला निरोप बहुधा जवळच्याच सर्व्हरकडे धाडतं आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते पाहतं. हा पिंग. मग दहा-पंधरा सेकंद अनेक धारांनी एकदम माहिती खाली ओढतं आणि आलेल्या माहितीला वेळेनं भागतं. हा डाउनलोड. तसंच उलटं, माहिती वर पाठवून मोजलं की अपलोड. पहिला आणि ठळक दिसतो तो डाउनलोडचा आकडा. आपलं काम अडतं ते अपलोडवर!

टॉवरचा आवाज दणदणीत, आपल्या मोबाईलचा बारीक. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. हिशेब मांडा. चार एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. पंधराच्या वेगानं तो दोन-सव्वादोन सेकंदांत जाईल, पण अपलोड अर्ध्यावर असेल तर ६४ सेकंद लागतील. तेवढ्यात रेंज तुटली की बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून. शिवाय फोटो जायचा तो सरकारी सर्व्हरवर, जिथं मुदतीच्या शेवटच्या दिवशी हजारो शेतकरी एकदम धडकतात. टेस्टचा सर्व्हर वेगळाच. घटकाभर मोटार चालवून विहिरीला पाणी किती, हे कोण सांगेल?

नियमही तसाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी किमान वेग ५१२ केबीपीएस होता, तो दोन एमबीपीएस केला. पण तो वेग डाउनलोडचा. वर पाठवण्याच्या वेगाचा व्याख्येत शब्द नाही. ट्राय गाडी फिरवून नेटवर्क तपासते, पण रस्त्यावरची रेंज म्हणजे बांधावरची रेंज नव्हे.

हे दुखणं आपल्याला नवं नाही. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी. तिथं चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. शेत आपलं वाहून गेलं तरी माप तिथलंच. रेंजच्या बाबतीत तरी ही चूक पुन्हा नको.

म्हणून गावानंच मोजावं. ट्रायचं 'मायस्पीड' ॲप २०१६ पासून फुकट आहे. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा, गावठाणात आणि शिवारात, निदान आठ दिवस मोजा. डाउनलोडच्या जोडीला अपलोड आणि पिंगही लिहून ठेवा. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, ग्रामसभेत ठराव करा आणि तहसीलला द्या. प्रशासनानंही जिथं अपलोड रांगतंय तिथं मुदत वाढवून द्यावी. नाही तर कर्मचारी पाठवून नोंद करून घ्यावी.

ज्याच्या हातात माप, त्याचाच हिशेब खरा ठरतो. या खेपेला माप आपल्या खिशातच आहे. ते बाहेर काढा.