घराची धोका पातळी

बदलापूरच्या पुलापाशी उल्हास नदीच्या पाण्याला दोन रेघा मुक्रर करून दिलेल्या आहेत : १६.५० मीटर ही इशारा पातळी आणि १७.५० मीटर ही धोका पातळी. आषाढ-श्रावणात तिकडे राजमाची-कर्जतच्या डोंगरात धुवाधार पाऊस लागला, की इकडे बदलापुरात ऊन असो वा रिमझिम, सरकारी दप्तरात पाण्याच्या उंचीची नोंद होत राहते; पहिली रेघ ओलांडली की वर्दी सुटते आणि दुसरी ओलांडली की नदीकाठच्या वस्तीत माणसे हलवण्याची धावपळ सुरू होते. सरकारच्या कारभाराविषयी आपल्या तक्रारी काहीही असोत, त्याने एवढे मात्र केलेले आहे, की निर्णयाची घटका येण्यापूर्वीच त्या निर्णयाचा आकडा ठरवून ठेवला आहे. त्याच नदीच्या काठी, त्याच पावसात राहणाऱ्या आपल्यापैकी किती कुटुंबांनी आपापल्या घरासाठी अशी एखादी रेघ आखलेली आहे, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे छळतो आहे.

घराची सुरक्षितता म्हटले, की आपल्या मनासमोर चोर उभा राहतो. त्याच्यासाठी आपण दाराला दोन कड्या बसवतो, जिन्यात लोखंडी फाटक लावतो, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीलासुद्धा भिंतीत पक्की रोवलेली जाळी ठोकून घेतो आणि बंदोबस्त चोख झाला असे समजून निर्धास्त झोपतो. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत गेल्या वीस वर्षांत ज्यांनी माणसांचे प्राण घेतले, संसार बुडवले आणि मुलाबाळांना रात्री-अपरात्री रस्त्यावर आणले, त्यांत चोराचा वाटा कितीसा आहे? पाणी कुलूप पाहत नाही, वायूला कडी अडवत नाही, आणि डोक्यावरचा स्लॅब खचू लागला, की तीच भिंतीत रोवलेली जाळी आतल्या माणसाची बेडी होते.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबई आणि ठाणे जिल्ह्यातील कोणीही प्रौढ मनुष्य विसरलेला नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि तो आकडा सर्वतोमुखी झाला. तथापि उल्हासच्या खोऱ्यात त्या रात्री काय घडले, याची कथा मुंबईच्या कथेखाली झाकली गेली. आमचे बिऱ्हाड तेव्हा बदलापूर पश्चिमेस, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर होते. मी फोर्टातल्या कचेरीत अडकलो होतो. लोकल बंद, दूरध्वनी मुका. घरी वृद्ध आई, पत्नी आणि दोन शाळकरी मुले. पाणी अंगणात आले तेव्हा पत्नीने माझ्या फोनची वाट पाहिली, ते उंबऱ्याशी आले तेव्हाही पाहिली, आणि ते स्वयंपाकघरात शिरले तेव्हा आईने देव्हाऱ्यातले देव आणि तांदळाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला व सगळी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेली. माणसे वाचली, यापुढे अन्य कशाचाही शोक करणे अनुचित होय. परंतु घराचा करारनामा, मुलांचे जन्मदाखले, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे कागद हे सारे लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, चोराच्या भयाने, कुलपात होते, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात, फोर्टात होती. पुढे दीड वर्ष त्या एकेका कागदाच्या नकलेसाठी मी कचेऱ्यांचे जिने झिजवले. त्या रात्री माझ्या घरात धैर्य उणे नव्हते, बुद्धी उणी नव्हती. उणा होता तो केवळ आधी घेऊन ठेवलेला एक निर्णय.

या तीन गावांची एक विशेष अवस्था ध्यानात घेतल्यावाचून येथील घरांच्या बंदोबस्ताचा विचारच करता येत नाही. ही चाकरमान्यांची गावे आहेत. पहाटेच्या लोकलने गेलेला माणूस रात्री आठ-नऊला परततो. म्हणजे दिवसाचे बारा तास घर ज्यांच्या हवाली असते, ती माणसे म्हणजे आजी, शाळेतून परतलेली मुले, कामावर न जाणारी सून किंवा एखादा आजारी वडीलधारा. मीटरच्या पेटीतला मेन स्विच कोणता, सिलिंडरचा रेग्युलेटर कसा बंद करावयाचा, कागदांची पिशवी कोठे आहे, शाळा मध्येच सुटली तर धाकट्याला कोणी आणावयाचे, या सर्व गोष्टींचे ज्ञान बहुधा त्या एकाच माणसापाशी असते, जो त्या वेळी दादर आणि ठाणे यांच्या दरम्यान कोठेतरी रुळांवर खोळंबलेला असतो. यास्तव माझ्या मते पहिली तजवीज विजेरी किंवा दोरखंड विकत आणण्याची नसून अधिकार वाटून देण्याची आहे. घरातल्या माणसांनी घराबाहेरच्या माणसाच्या अनुज्ञेची वाट पाहू नये, हे एकदा सर्वांसमक्ष सांगून टाकले पाहिजे. त्याचप्रमाणे पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या आप्ताचा क्रमांक सर्वांनी मुखोद्गत करावा आणि इकडचा प्रत्येक जण आपली खुशाली त्याला कळवील असे ठरवावे. गावातल्या गावात फोन लागत नसतानाही बाहेरगावचा फोन कधी कधी लागतो.

येथील संकटांची दुसरी अडचण याहूनही बिकट आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पूर, विषारी वायू आणि खचणारी इमारत ही तीन संकटे एकाच घराला तीन परस्परविरुद्ध आज्ञा देतात. पूर सांगतो, वर चढा. वायू सांगतो, घरातच थांबा, खिडक्या लावून घ्या, हवा बाहेर फेकणारे पंखे बंद करा, दाराच्या फटीत ओले फडके कोंबा. इमारत सांगते, क्षणभरही थांबू नका, हातातले टाकून खाली उतरा. ज्या घराने या तिन्हींचा पूर्वविचार केलेला नाही, ते घाबरलेल्या क्षणी शेजाऱ्यांकडे पाहून वागते. आणि शेजारीही तितकाच अनभिज्ञ असल्यामुळे सारी गल्ली एकदम चुकीच्या दिशेने धावते.

३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा श्वास कोंडू लागलेली माणसे काय झाले हे पाहण्यासाठी रस्त्यावर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या रस्त्यांवर रसायनाचा धुरकट पडदा पसरला, डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवले. त्यापूर्वी नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस कोणी तरी वालधुनीच्या पात्रात घातक रसायन ओतले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालये गाठावी लागली. ज्या वालधुनीच्या काठी शके ९८२ चा शिलालेख अंगावर वागवीत शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे, त्या नदीच्या वाट्याला ही दशा यावी, याचे दुःख स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे. येथे एवढेच सांगतो, की क्लोरीन किंवा हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे सखल जागी साचतात; अशा वेळी गल्लीत गोळा होणे हे घरात थांबण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. ज्यांना बाहेर पडणे भागच आहे, त्यांनी ओला रुमाल नाकातोंडावर धरून वाऱ्याला आडवे निघावे.

आता इमारतींकडे वळू. फाळणीनंतर निराश्रित सिंधी बांधवांनी लष्कराच्या ओस पडलेल्या बराकींत पुन्हा संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. या लोकांनी शून्यातून नगर उभारले, हा त्यांच्या पुरुषार्थाचा दाखला. परंतु पुढे नव्वदच्या दशकात त्याच चिंचोळ्या जागांवर घाईघाईने चढलेल्या मजल्यांनी त्या पुरुषार्थाशी विश्वासघात केला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळत गेले. २८ मे च्या दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचा बळी गेला. महापालिकांच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी अनिवार्य आहे, आणि या इमारती तीस वर्षांच्याही नव्हत्या. म्हणून वयाच्या आकड्यावर विसंबून राहू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. छताचा गिलावा फुगून आतली गंजलेली सळई दिसू लागली, कालपर्यंत सहज लागणारे दार आज चौकटीत अडकू लागले, तुळईला आडवी भेग पडून ती दिवसागणिक रुंदावू लागली किंवा रात्री भिंतीतून वाळू गळल्याचा आवाज आला, तर ते घर आपल्याशी बोलते आहे. अशा वेळी रंगाऱ्याला बोलावून भेग बुजवणे हा घरमालकाचा, सोसायटीच्या चिटणीसाचा आणि भाडेकऱ्याचा सामाईक अपराध होय. जाळीच्या बाबतीत उपाय अगदी स्वल्प आहे : एका तरी खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्यावी आणि तिची किल्ली कपाटात न ठेवता, लहान मुलाच्या हाताला येईल अशा खिळ्याला, त्याच खिडकीशेजारी टांगावी. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात हे काम करून देतो.

कागदांविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण त्यात माझे हात पोळलेले आहेत. उल्हासनगरच्या जुन्या कुटुंबांपाशी जागेच्या सनदा आहेत. ज्यांनी एकदा सर्वस्व मागे टाकून सीमा ओलांडली, त्यांच्या दृष्टीने त्या कागदाचे मोल काय असेल, हे सांगावयास नको. पुरानंतर तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा तोही कागदच मागतो. या सर्वांच्या नकला एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, छातीच्या उंचीवर, कुलपाबाहेर असाव्यात आणि त्यांची छायाचित्रे त्याच बाहेरगावच्या आप्ताकडे पाठवून ठेवावीत. शिवाय पाणी! नदी घरात शिरते तेव्हा नळ कोरडे पडतात, कारण बदलापूरला पाणी पुरवणारे पंपही त्याच नदीकाठी असतात. म्हणून धोक्याचा इशारा मिळताच पिण्याचे हंडे भरून वर चढवणे हे सर्वप्रथम.

परंतु सारा भार कुटुंबावर टाकून शासनसंस्थेला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर, १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात नवे कलम घालण्यात आले. घातक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने आपल्याकडील धोक्यांची आणि त्यांवरील उपायांची माहिती केवळ कामगारांनाच नव्हे, तर परिसरातील सामान्य रहिवाशांनाही द्यावी, असे ते सांगते. मी या पट्ट्यात आयुष्य काढले, पण अशी माहिती देणारा चिठोराही माझ्या दाराखालून कधी आत आला नाही. घरपट्टीचे बिल मात्र दरवर्षी नेमाने येते. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी त्याच बिलाच्या कोऱ्या पाठीवर तुमच्या गल्लीत २००५ साली पाणी किती फूट चढले होते, निवाऱ्याची शाळा कोणती, जवळचा घातक कारखाना कोणता आणि त्यातला वायू सुटला तर घरात थांबावे की निघावे, एवढ्या चार ओळी छापाव्यात, ही माझी जाहीर मागणी आहे. २० जुलै २०२३ रोजी सरकारने चाचणीसाठी आपल्या सर्वांचे मोबाईल एकाच वेळी कर्कश वाजवून दाखवले; इशारा खिशापर्यंत पोहोचवण्याची विद्या साध्य झाली आहे. तो वाजल्यावर या गल्लीत, या घरात काय करावयाचे, ते सांगणे राहिले आहे.

२६ आणि २७ जुलैच्या मधली रात्र पुन्हा २०१९ साली आली. त्या पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी राहिली. हजाराहून अधिक प्रवासी आत होते, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व आसपासच्या गावकऱ्यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. त्या रात्री आमच्या घरी मात्र कोणी कोणाच्या फोनची वाट पाहिली नाही. जिन्याच्या भिंतीवर मी २००५ नंतर तांबड्या रंगाने दोन आडव्या रेघा मारून घेतल्या होत्या. खालची, पाणी जिच्याशी आले की कागद, औषधे आणि हंडे वर चढवावयाचे. वरची, जिच्याशी आले की मेन स्विच उतरवून माणसांनी वर जावयाचे. पाणी खालच्या रेघेपर्यंत आले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. नव्वदीला टेकलेल्या आईने खाटेवर उठून बसून नातवाला विचारले, ‘‘लागलं का रे रेघेला?’’ आणि तो ‘‘हो’’ म्हणताच तिने आपल्या औषधांचा डबा त्याच्या हातात दिला.