परसातले कायम रहिवासी

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे निसर्गप्रेम हे बहुधा रजेवरचे प्रेम असते. प्रवासाची सवलत मिळाली की तो ताडोब्याला जातो, पहाटेच्या थंडीत जीपमध्ये कुडकुडत बसतो आणि वाघाचे नुसते शेपूट दिसले तरी ते पुढील सहा महिने मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पुरवून पुरवून सांगतो. मंडळाच्या ग्रंथालयात मारुती चितमपल्लींची पुस्तके कधी जाग्यावर सापडत नाहीत, इतकी त्यांना मागणी. सारा जन्म सरकारी वनखात्यात काढून रानाची भाषा मराठीत आणणारा हा लेखक २०२५ साली निवर्तला, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांना घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. त्या दुःखाच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, ज्या हातांनी आपण ती पुस्तके मिटतो त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी ‘परसात जंगली जनावर येते, सबब पिंजरा बसवून मिळावा’ असा अर्ज आपण कसा लिहितो?

हा अर्ज माझ्या कल्पनेतला नव्हे. दक्षिण दिल्लीतील ज्या सरकारी वसाहतीत मी राहतो, तेथे तो गेल्या हिवाळ्यात दारोदार फिरला. त्यावर १९ सह्या झाल्या आणि त्यांतल्या ४ मराठी होत्या. मागण्या तीन : पिंजरा लावावा, मागील भिंतीलगतची झुडपे तोडावीत, आणि रात्रभर जळणारे प्रखर दिवे बसवावेत. आरोपी म्हणजे एक उदमांजर आणि कोल्ह्यांची एक जोडी. माझ्याकडे सही मागण्यात आली, ती मी दिली नाही. ती का दिली नाही हे दारात उभ्या उभ्या सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणून येथे लिहितो.

प्रथम, कोण कोणाकडे आले आहे ते पाहू. अरवली पर्वताचे उत्तरेकडील शेपूट दिल्लीत शिरते. त्यालाच येथे ‘रिज’ म्हणतात. १९९४ साली त्याचे सुमारे ७,७०० हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित झाले. परंतु हे वन सलग नाही. त्याचे उत्तर, मध्य, दक्षिण-मध्य आणि दक्षिण असे तुकडे पडलेले आहेत, आणि त्या तुकड्यांच्या मधल्या जागेत रस्ते, कचेऱ्या व आपल्या वसाहती वसलेल्या आहेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या प्राण्याला उरते काय? रात्रीची वेळ, पावसाळी नाला आणि आपले परस. तेव्हा कोल्हा आपल्या घरात घुसला ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच्या वहिवाटीच्या वाटेवर आपण धुण्याची दोरी बांधली, एवढेच घडले आहे.

‘पण त्यात आनंद तो कसला?’ असे मला पुष्कळदा विचारले जाते. तो फुकटचा आहे आणि त्यासाठी रजेचा अर्ज लागत नाही. रात्री मागच्या खोलीतला दिवा मालवून खिडकीशी स्वस्थ बसावे. पहिली पाळी पिंगळ्याची. दिव्याभोवती जमलेले किडे टिपावेत, खांबावर परत यावे आणि नव्या साहेबाकडे पाहावे तशी मान वरखाली करून आपल्याकडे पाहावे, हा त्याचा क्रम. मग मध्य दिल्लीतल्या वृक्षांवर दिवसभर उलटी लटकलेली वटवाघळे पिंपळाची फळे शोधीत येतात, आणि त्यांच्या पंखांचा ओल्या छत्रीसारखा आवाज पानांतून ऐकू येतो.

मध्यरात्रीच्या सुमारास उदमांजर येते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ज्याला कांडेचोर म्हणतात, आणि आजोळच्या माळ्यावर ज्याच्या धावपळीने आपण लहानपणी अंथरुणात दडून बसलो, तोच हा प्राणी. तो शक्यतो जमिनीला पाय लावीत नाही. गच्चीच्या कठड्यावरून पन्हळीच्या नळावर, नळावरून तारेवर आणि तारेवरून तुतीवर, असा लांब शेपटीने तोल सावरीत तो येतो. चैत्रात तुती पिकली की त्याची हजेरी मस्टरावर मांडावी इतकी नेमाची असते. सकाळी भिंतीवर बियांनी भरलेली त्याची विष्ठा सापडते. तिला घाण म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्या बिया पोटातून अभंग बाहेर पडतात आणि रुजतात. झाडे लावण्याचे हे काम तो समारंभावाचून आणि छायाचित्रावाचून करतो.

कोल्हे पहाटेचे. आधी एकच लांब सूर निघतो, दुसरा त्यात मिसळतो, आणि मग रिजच्या बाजूने तिसरे कोणी उत्तर देते. ‘कोल्हेकुई’ हा शब्द आपण विरोधकांच्या भाषणांसाठी राखून ठेवला आहे. ज्याने ती एकदा नीट ऐकली तो तसे करणार नाही. नर आणि मादी वर्षानुवर्षे एकत्र राहतात, आणि आपली हद्द कोणती हे शेजारच्या जोडीला अशा गायनाने कळवतात. त्यांचा सातबारा म्हणतात तो हाच. शिवाय पंचतंत्रातले करटक आणि दमनक राजाच्या सेवेत होते. म्हणजे आम्हा कारकून मंडळींचे ते मूळपुरुषच. निदान तेवढ्यासाठी तरी त्यांचा मान राखावयास हवा होता!

आता आक्षेपांकडे वळू. कोल्ह्याला पिसाळण्याचा रोग होऊ शकतो, हे खरे आहे. दिवसाढवळ्या निर्भयपणे अंगावर येणाऱ्या कोल्ह्यापासून दूर राहावे, आणि चावा झालाच तर जखम साबणाच्या पाण्याने धुऊन त्वरित लस घ्यावी. परंतु आपल्या देशात हा रोग माणसाला होतो तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्याने. कुत्र्यांना लस टोचण्याची मागणी मात्र त्या अर्जात नव्हती. उदमांजराला येथे ‘कबरबिज्जू’ म्हणतात आणि ते प्रेते उकरते असे सांगतात. ते खाते फळे, किडे आणि उंदीर. नुसत्या नावावरून खटला चालवण्याची ही रीत आपण माणसांच्या बाबतीतही सोडून द्यावी अशी आहे. आणि कायद्याचे म्हणाल तर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत सापळ्यात पकडणेही येते. कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्या टेबलावरून होते, अशा १९ माणसांनी त्या अर्जावर सही करण्यापूर्वी तेवढे वाचायला हरकत नव्हती.

‘आणि उद्या बिबट्या आला तर?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात २०२५ साली बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही बळी गेले. तेथील आईला ‘आनंद घे’ म्हणणारा माणूस निर्दय होय, आणि मी ते म्हणत नाही. जेथे बिबट्याचा वावर आहे तेथे दिवा हवा, कडी हवी आणि अंधार पडल्यावर मूल एकटे बाहेर नको. परंतु त्या आईचे दुःख उसने आणून तुतीवरच्या उदमांजराला शिक्षा देणे, ही त्या दुःखाचीच विटंबना आहे.

पिंजरेवाल्यांच्या नेमका उलट असा एक पंथ आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. तो रात्री परसात दूधपोळी ठेवतो, बॅटरीचा झोत टाकतो आणि कोल्हा बशीशी आला की भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करून भावकीत वाटतो. रायसीना टेकडीवरील कचेऱ्यांत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना माकडांविषयी सांगणे नलगे. मंगळवार-शनिवारच्या केळ्या-चण्यांनी पुण्य जोडता जोडता आपण एका रानटी जातीला भिकारी आणि मग दरोडेखोर बनवले. २००७ साली माकडांना हुसकावताना गच्चीवरून पडून दिल्लीच्या उपमहापौरांचा अंत झाला. त्याच वर्षी माकडे पकडून असोला-भट्टीकडे हलवण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. दोष माकडांचा नव्हता, आपल्या पुण्याचा होता. पाहुणा पोटासाठी आपल्यावर अवलंबून नसतो, म्हणूनच त्याच्या येण्याला मोल असते. त्याला बशी दाखवली की ते मोल संपले.

तथापि पिंजरेवाले आणि बशीवाले हे दोघेही किरकोळ ठरावेत असा तिसरा पक्ष कागदावर उभा आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी ७ सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली. २०१८ साली १६,००० हून अधिक झाडांवर कुऱ्हाड येणार असे कळताच लोक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली. त्यानंतर आराखड्यांत काही फेरबदल झाले. पण परस असलेल्या जुन्या घरांच्या जागी बहुमजली मनोरे आणि त्यांखाली मोटारींची तळघरे, हे धोरण कायम राहिले. कारकुनाला चांगले घर मिळू नये असे मी म्हणत नाही. गळके छत मीही सोसले आहे. माझी तक्रार हिशोबाविषयी आहे. १९९४ च्या कायद्यानुसार तेथे झाडे मोजली जातात, बुंध्याची जाडी पाहिली जाते, आणि एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे दूर कोठेतरी लावण्याचा दंडक आहे. परंतु त्या झाडावर रात्री कोण येते, हे कोणी मोजत नाही. झाडाची बदली कागदोपत्री करता येते. उदमांजराला बदलीचा हुकूम बजावता येत नाही.

क्वार्टरचा ताबा घेताना आपण यादीवर सही करतो : पंखे इतके, नळ इतके, दिवे इतके. बदली झाली की तेवढे सर्व जसेच्या तसे परत करणे आपल्यावर बंधनकारक असते. त्या यादीत पिंगळा नाही, कोल्ह्यांची जोडी नाही, तुतीवरचे उदमांजर नाही. पण तेही आपल्याला ताब्यात मिळालेलेच आहेत. ते राखायला लागते फारच थोडे : मागचा दिवा रात्री मालवणे, भिंतीलगतची झुडपे न छाटणे, नाल्याच्या तोंडाशी असलेले भिंतीतले भगदाड न बुजवणे, आणि बशी न ठेवणे. आणि नव्या मनोऱ्यांचे आराखडे ज्यांच्या टेबलावर येतात अशा वाचकांनी त्यांत एक अंधारा, झुडपांचा पट्टा रिजपर्यंत सलग राखला जाईल एवढी टिप्पणी फाइलीवर अवश्य लिहावी. आपण तीन-चार वर्षांचे भाडेकरू आहोत. कायम रहिवाशांना घराबाहेर काढण्याचा अधिकार भाडेकरूला कोणत्याही नियमाने पोहोचत नाही.