दुर्बिणीच्या टप्प्यातले सावज

अमेरिकेतील यूटा राज्याच्या वन्यजीव मंडळाने २०२४ च्या आरंभी एक लहानसा नियम केला. ठासणीच्या बंदुकीसाठी राखून ठेवलेल्या हंगामात त्या बंदुकीवर सावज मोठे करून दाखवणारी दुर्बीण बसवता येणार नाही, असा तो नियम. याच राज्याने २०१६ मध्ये अशा दुर्बिणीस मुभा दिली होती. हा फेरविचार लक्षात घेण्याजोगा आहे; कारण कोणती बंदूक घ्यावी आणि तिच्यावर कोणती दुर्बीण चढवावी, ही शिकाऱ्याची खाजगी आवडनिवड आहे, ही समजूतच त्याने निकालात काढली.

१९७२ च्या कायद्यानंतर हौसेची शिकार उरली नाही अशा आपल्या देशातील वाचकाला हा वाद परका वाटेल. अमेरिकेत तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठात अध्यापन केलेले जॅक ओ'कॉनर हे १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टर काडतुसाचे पुरस्कर्ते. गोळी हलकी, वेगवान आणि नेमकी हवी, हा त्यांचा आग्रह. एल्मर कीथ यांचा पक्ष जड आणि जाड गोळीचा. हे लेखणीयुद्ध वर्षानुवर्षे चालले. मात्र त्या काळी अंतराचा अंदाज डोळ्यानेच घ्यावा लागे, आणि तो चुकण्याची धास्ती शिकाऱ्याला सावजाच्या जवळ जायला भाग पाडी.

ही धास्ती आता उरलेली नाही. लेसर किरणाने अंतर मोजणारे यंत्र खिशात मावते आणि दुर्बिणीवरील चकती फिरवली की गोळीच्या घसरणीचा हिशेब जुळतो. हजार यार्डांवर पोचायला गोळीला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, ही गोष्ट मात्र कोणत्याही चकतीने बदलत नाही. तेवढ्यात एल्क हरणाने एक पाऊल पुढे टाकले, की फुप्फुसावर धरलेला नेम पोटात बसतो. दरीपलीकडे जखमी होऊन पळालेल्या त्या जनावराचा माग कोण काढणार?

थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची भूमिका येथे स्पष्ट आहे. यार्ड किती, यापेक्षा हेतू काय हे पाहावे. आपले साधन कुठवर पोचते हे अजमावण्यासाठी दुरून झाडलेली गोळी ही शिकार नव्हे. दुर्बिणीने नेम सुधारतो आणि जनावराचे हाल टळतात, हा विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद जवळच्या अंतरापुरता मान्य करावाच लागेल. पण तीच दुर्बीण दूरवरून गोळी झाडण्याचा मोह घालते, त्याचे काय?

शासनाची अडचण निव्वळ नैतिक नाही, ती अंकगणिताचीही आहे. परवाने मोजके, अनेक ठिकाणी ते सोडतीने मिळतात. साधन जितके अचूक, तितकी अधिक जनावरे पडणार आणि पुढल्या वर्षी तितके परवाने घटवावे लागणार. म्हणजे एकाच्या महागड्या दुर्बिणीची किंमत दुसऱ्या, सोडतीत नंबर न लागलेल्या शिकाऱ्याने मोजायची! त्यात १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली व काडतुसांवरील ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडेच जातो. ज्या बाजाराला आवरायचे, त्याच्याच विक्रीवर खात्याचा खर्च भागतो. सावज मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवरची यूटाची बंदी ठासणीच्या हंगामापुरतीच थांबली, याचे नवल वाटू नये.