२३ किलोंचा हिशेब

प्रवासवर्णन हा मराठीत उदंड पिकलेला वाङ्मयप्रकार. लेखकाने परदेशात काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले याची चर्चा आपण वर्गात करतो आणि परीक्षेत प्रश्नही विचारतो. त्याने बरोबर काय नेले हा प्रश्न मात्र समीक्षेला किरकोळ वाटत आला आहे. आम्हांला तो किरकोळ वाटत नाही. घर सोडताना माणूस जे उचलतो त्यात त्याची भीती, त्याची ऐपत आणि जिथे जायचे त्या जगाविषयीची त्याची कल्पना, अशा तिन्ही गोष्टी बांधलेल्या असतात.

‘सामान हलके ठेवा’ हा हल्लीचा लाडका उपदेश आहे. तो शहाणपणाचा आहे, हे मान्य. पण त्याला जे नैतिक तेज चढवले जाते, जणू हलकी बॅग म्हणजे अनासक्ती आणि जड बॅग म्हणजे मोह, ते तपासून घ्यायला हवे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हलकेपणा हा एकट्या प्रवाशाचा गुण नसतो. वाटेवर आणि मुक्कामी कोणी देणारे असेल, तरच तो परवडतो.

आपल्या परंपरेतले हलक्या प्रवासाचे सर्वांत मोठे उदाहरण वारकऱ्याचे. खांद्यावर पडशी, हातात पताका, गळ्यात टाळ आणि तो पंढरपूरला निघतो. परंतु दिंडीमागून सामानाचा ट्रक येत असतो, गावोगावी पंगती उठत असतात, मुक्कामाच्या जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या असतात. पडशी हलकी आहे, कारण वाट भरलेली आहे. याउलट, खिशातल्या कार्डावर वाटेल ते विकत घेणारा पर्यटकही हलकाच फिरतो. एकाच्या मागे समाज आहे, दुसऱ्याच्या मागे पैसा. ज्याच्या मागे यांतले काहीच नाही त्याने काय करावे?

हा प्रश्न आमच्यापुढे येतो तो गडचिरोली-चंद्रपूरच्या महाविद्यालयांतून. या दोन जिल्ह्यांतली मुले आता शिष्यवृत्ती मिळवून परदेशी विद्यापीठांत जातात. संख्येने थोडी, पण जातात. त्यांतली बरीचशी घराण्यातली पहिली पदवीधर. विमानात चेक-इनसाठी बहुधा २३ किलोंची एक बॅग, काही मार्गांवर दोन, आणि हातात ७ किलो. एवढ्यात वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य बसवायचे असते. पहिला हप्ता खात्यावर कधी जमा होईल याची खात्री नसेल, तर आई दोन महिने पुरेल एवढे बांधून देते. त्या जड बॅगेला मोह म्हणणे अन्यायाचे आहे. ती विम्याची पॉलिसी असते.

इतिहासात डोकावले तर हा ताण जुनाच दिसतो. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात जाहीर केले होते. म्हणजे वेष आणि आहार यांचेही ओझे त्यांनी जाणून उचलले होते. पण अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, हे तिथे गेल्यावरच जाणवले आणि त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. परक्या हवेची कल्पना घरी बसून करता येत नाही, ही यातली साधी शिकवण.

दुसरे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. १९१३मध्ये ते न्यूयॉर्कला गेले ते बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमवली. न्यूयॉर्कमधली त्यांची खरेदीच सुमारे २००० ग्रंथांची होती, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ती एका स्नेह्याकडे सोपवली गेली आणि त्यांतली काहीच हाती आली. १९१७मध्ये लंडनहून परतताना त्यांनी सामान वेगळ्या बोटीने पाठवले. ती ‘सॅल्सेट’ बोट जर्मन पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये आले, ग्रंथ आले नाहीत. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या विद्यार्थ्याला हलक्या सामानाची महती सांगताना ही बुडालेली पुस्तके विसरून चालणार नाही. काही ओझी हाच प्रवासाचा हेतू असतो.

तेव्हा निवड करायची ती हेतू ओळखून. आता थोडे व्यवहाराचे बोलू. साहित्याच्या मंडळींना ते निषिद्ध नसावे.

पहिली गोष्ट बॅगेची. मोठी जुन्या घडणीची सूटकेस रिकामीच पाच-साडेपाच किलो भरते. नायलॉनची किंवा पातळ पॉलिकार्बोनेटची तेवढीच बॅग तीन किलोंच्या आसपास मिळते. वाचलेल्या दोन-अडीच किलोंत लहान प्रेशर कुकर आणि वर किलोभर डाळ बसते. परंतु जाहिरातीतली हलकी बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी घडवलेली असते. आमच्या मुलांचा प्रवास भामरागडहून किंवा सिरोंच्याहून एस.टी.ने सुरू होतो, आणि तोही बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. एस.टी.ची डिकी, नागपूरचा फलाट, आणि पुढे युरोपातल्या जुन्या गावांचे दगडी रस्ते, अशा वाटेवर बाहेर आलेली चार नाजूक चाके आधी मोडतात. आत बसवलेली दोन मोठी चाके अधिक टिकतात. कापडी बॅगेला आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावावी. बॅग गावातल्या धान्याच्या काट्यावर मोजून घ्यावी; विमानतळावर माणसांसमोर ती उघडून उपसावी लागणे यासारखी मानहानी नाही.

दुसरी गोष्ट तिकिटाची. नागपूर-मुंबई किंवा नागपूर-दिल्ली हे तिकीट स्वतंत्र काढले, तर देशांतर्गत मर्यादा लागते, आणि ती साधारणपणे १५ किलोंची असते. २३ किलोंची तयारी तिथेच फसते. शेवटच्या मुक्कामापर्यंत एकच तिकीट काढावे, अथवा बल्लारशाहहून किंवा नागपूरहून रेल्वेने दिल्ली गाठावी. रेल्वे शयनयान वर्गातही ४० किलो नेऊ देते. स्वस्त तिकीट आणि हलकी बॅग यांचा हिशेब एकत्रच मांडायला हवा.

तिसरी गोष्ट आतल्या सामानाची. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यांत बर्फातला कोट शोधू नये. तो तिथेच, शक्यतो वापरलेला, घ्यावा. जवसाची चटणी, सरगुंडे, मसाला जरूर न्यावा, पण त्या देशाचे नियम वाचून. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप आणि पेढे घरीच राहतात. मूळ प्रमाणपत्रे, औषधे, पॉवर बँक हे हातातल्या पिशवीत. पॉवर बँक तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही.

आणि पुस्तके? मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश, मराठी विश्वकोश हे आज संगणकावर विनामूल्य उघडतात. ग्रंथालयाचे वजन शून्यावर आले आहे, आणि बाबासाहेबांची हानी आठवली की हे केवढे भाग्य आहे ते कळते. तरीही एक छापील मराठी पुस्तक न्यावे, आणि ते कवितेचे असावे. दीडशे ग्रॅमांत वर्षभर पुरणारा दुसरा ऐवज आम्हांला ठाऊक नाही. पुष्कळ मराठी कविता अजून पडद्यावर आलेलीही नाही, हे व्यावहारिक कारण आहेच.

इथवर सांगितले ते विद्यार्थ्याने करायचे. पण मुळातला मुद्दा वारकऱ्याचा आहे, आणि तो आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे, वळतो. बॅग हलकी करण्याचा खरा उपाय बाजारात नसून मुक्कामी आहे. आधी गेलेल्या मुलाने कुकर, पांघरूण, कोट मागून येणाऱ्यासाठी तिथेच ठेवावा. महाविद्यालयाने गेलेल्यांची आणि जाणाऱ्यांची गाठ घालून द्यावी. दोन-चार चांगल्या बॅगा ग्रंथालयातल्या पुस्तकांसारख्या उसन्या द्याव्यात आणि परत घ्याव्यात. परदेशी जाणारी मुले आमच्याकडे थोडी आहेत, म्हणूनच हे शक्य आहे. यातल्या एकाही गोष्टीला शासननिर्णय लागत नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता निघण्यापूर्वी हातात पडावा, याला मात्र शासनच लागते, आणि ते मागणे आपण लावून धरायला हवे.

प्रवासवर्णनाच्या तासाला यापुढे आम्ही एक प्रश्न जोडणार आहोत : या लेखकाच्या बॅगेत काय नव्हते, आणि ते त्याला तिथे कोणी दिले? प्रश्न परीक्षेला येणार नाही. पण आमच्या मुलांना उत्तराची गरज आहे, आणि त्यांच्यासाठी ते उत्तर आज आपणच असायला हवे.