नगरच्या कॉलेजातला सिनेमा: विद्यार्थ्यांनी मंजुळेंकडून नेमकं काय घ्यावं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना आवडता दिग्दर्शक विचारला, तर नागराज मंजुळे हे नाव हमखास येतं. कारण साधं आहे. मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकले. तिथे शिकतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' (2013) आणि 'सैराट' (2016) आले.

ही परंपरा कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या दिग्दर्शकांनी खऱ्या रस्त्यांवर, साध्या माणसांना घेऊन चित्रपट केले. डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (1948) पाहून सत्यजित राय भारावले आणि 1955 मध्ये 'पथेर पांचाली' आला.

मंजुळेंची पद्धत काय?

त्यांनी कलाकार शोधले ते गावांत. 'फँड्री'तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा मुलगा होता. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्येही दिसला. संवाद गावच्या बोलीतले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जातीचा अनुभव बाहेरून पाहिलेला नाही, जगलेला आहे.

मग चूक कुठे होते?

जब्याने शेवटी भिरकावलेला दगड लक्षात राहतो, पण तिथवर नेणारा अपमान उभा करायला अख्खा चित्रपट लागला होता. ते विसरलं की उरतो फक्त फॉर्म्युला: फाटका शर्ट, रडकं संगीत आणि शेवटी संदेश. ज्यांची गोष्ट सांगायची, त्यांच्या वस्तीवर एक दुपार जाऊन चित्रीकरण उरकलं, तर तो वास्तववाद नव्हे. त्या माणसांना विचारलं का, चित्रपट त्यांना दाखवला का, हे प्रश्न कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

पैशाचं काय?

भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबावरचा 'ख्वाडा' काढण्यासाठी जमीन विकली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण प्रत्येकाने असा जुगार खेळावा, हा त्याचा अर्थ नाही. आज मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन दोन्ही होतं. त्यामुळे पहिला लघुपट कर्जाशिवाय करता येतो.

थोडक्यात, मंजुळेंची शैली उचलण्यापेक्षा त्यांची नजर कुठे वळली ते पाहावं. ते आपल्या गल्लीकडे वळले. श्रीगोंद्यातल्या, पाथर्डीतल्या किंवा अकोल्यातल्या पोरांची गल्ली वेगळी आहे, आणि ती अजून कुणी दाखवायची राहिली असेल.