सेक्टर मोजायचे की पायलट?

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलं की आपलं निम्मं लक्ष भट्टीकडे आणि निम्मं आकाशाकडे असतं, हे सरांनाही ठाऊक आहे. शेजारीच उजळाईवाडीचं विमानतळ. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेलं. मध्ये कित्येक वर्षं तिथं नियमित विमान फिरकलंच नाही. मग २०१८ मध्ये उडान योजनेत सेवा पुन्हा सुरू झाली, धावपट्टी लांबवली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आता डोक्यावरून विमान गेलं की ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "पायलट व्हायला पाहिजे होतं राव. एटीकेटी नाही, सबमिशन नाही!"

एटीकेटीचं मला माहीत नाही, पण सबमिशन त्यांनाही आहे. आपलं जर्नल एका रात्रीत 'पूर्ण' होतं (कसं, ते इथे लिहीत नाही, स्टाफही हे मासिक वाचतो). त्यांचं जर्नल मात्र मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसवून भरायचं असतं. त्या जर्नलबद्दलच थोडं लिहायचं आहे.

माझा एक मावसभाऊ एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. दिवाळीत गावी आला की आम्ही त्याला सोडत नाही. त्याच्याकडून कळलेली आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलेली गोष्ट अशी. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. ते बहुतेक सगळं सेसनासारख्या छोट्या विमानावर होतं. हे विमान जेमतेम एक-सव्वा टनाचं. त्यानंतर मोठ्या विमानाचं 'टाइप रेटिंग' सिम्युलेटरवर करायचं. मग खरं विमान, खरे प्रवासी. एअरबस ए-३२० घेतलं तर टेकऑफला वजन ७८ टनांपर्यंत, आणि उतरताना वेग ताशी साधारण २५० किलोमीटर. या टप्प्यावर शेजारच्या सीटवर ट्रेनिंग कॅप्टन बसतो आणि पोरगा रोजच्या फ्लाइट्स उडवत शिकतो. याला म्हणतात सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सेक्टर. ठरलेले सेक्टर झाले की चेक होतो, आणि पास झाला की तो 'रिलीज' होतो.

भाऊ सांगत होता, त्या दिवसांत बॅचमध्ये भेटलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा: "तुझे किती झाले?" काय जमलं, काय जमत नाही, हे कुणी विचारत नसे. आपल्याकडे सबमिशनच्या आठवड्यात "तुझ्या किती शीट झाल्या?" विचारतात, तसंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा मोजणं पुरेसं नाही. त्या सीटवर कोण कोण येऊन बसतं बघा. एक फ्लाइंग स्कूलमधून आलेला २०० तासांचा पोरगा. दुसरा दोन-तीन वर्षं एटीआर उडवून जेटवर आलेला. तिसरा हवाई दलातून निवृत्त झालेला, ज्याने लेहच्या धावपट्टीवर मालवाहू विमान उतरवलं असेल, पण 'प्रवासी, वेळापत्रक आणि केबिन क्रू' हे त्रिकूट कधी सांभाळलेलं नाही. चौथा दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या बनावटीच्या विमानावर कॅप्टन होता. नियमात नवखा आणि अनुभवी असा थोडाफार फरक केलेला असतो, नाही असं नाही. पण त्याच्यापुढे? पहिल्याला लँडिंग जमत नसतं. तिसऱ्याचं लँडिंग झकास, पण कॉम्प्युटरच्या मेनूत तो हरवतो. चौथ्याचं तर अवघडच, कारण त्याला सगळं येतं. फक्त ते दुसऱ्या विमानाचं येतं!

हे पटत नसेल तर आपल्या वर्गात बघा. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली मुलं. लेथवर ती आपल्याला शिकवतात, आणि एम-थ्रीच्या तासाला त्यांचा चेहरा बघवत नाही. त्यांना आणि आपल्याला एकच टाइमटेबल, एकच प्रॅक्टिकलची यादी. आपल्याकडे याची किंमत एक बॅकलॉग. तिकडची किंमत कधी कधी फार मोठी असते.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं आयसी ६०५ मुंबईहून बंगळूरला निघालं. ए-३२० विमान, कंपनीकडे येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या काळात कॉम्प्युटरवर चालणारं असं प्रवासी विमान म्हणजे नवलाईची गोष्ट. डावीकडे बसलेला पायलट नवखा नव्हता. एकूण नऊ हजारांहून जास्त तास उडवलेला माणूस. पण ए-३२० वरचे त्याचे तास शंभराच्या आत, आणि या विमानाच्या कॅप्टनपदासाठी त्याचा रूट चेक चालू होता. तपासायला बसलेले कॅप्टनही दहा हजार तासांचे अनुभवी, पण या विमानावर त्यांचेही तास अडीचशेच्या आसपास.

उतरताना विमान 'आयडल ओपन डिसेंट' या मोडमध्ये गेलं आणि तिथंच राहिलं. मेकॅनिकलवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर असतात. वेग सांभाळायचा तो विमानाचं नाक खाली-वर करून. आता नाक वर धरून ठेवलं तर वेग पडत जाणार, आणि इंजिन आपणहून तो भरून काढणार नाही. त्यात ए-३२० मध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना थ्रॉटलचे लिव्हर जागचे हलत नाहीत. म्हणजे हाताला काहीच कळत नाही, पडद्यावर वाचावं लागतं. शेवटी थ्रॉटल पुढे ढकलले गेले, पण टर्बोफॅन काही मोटरसायकल नाही, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. ते सेकंद उरलेच नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर आपटलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली.

न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या चौकशीने वैमानिकांच्या चुकीवर बोट ठेवलं. ते बरोबरच असेल. पण मला राहून राहून वाटतं, दोघांचे मिळून जवळजवळ वीस हजार तास होते, त्यांचं काय झालं? वेग हाताने सांभाळायची वीस वर्षांची सवय, आणि हे विमान म्हणतं 'मी बघतो'. कधी बघतो आणि कधी बघत नाही, एवढा एकच धडा त्या सगळ्या अनुभवाला हवा होता. दोनशे तासांच्या पोराला शिकवतात तो पूर्ण कोर्स त्यासाठी उपयोगाचा नव्हता.

कुणी म्हणेल, जुनी गोष्ट, तेव्हा विमानच नवीन होतं. मग तेवीस वर्षांनंतरची गोष्ट घ्या. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. एशियाना या कोरियन कंपनीचं बोइंग ७७७. उडवणारा पायलट पूर्वी ए-३२० वर कॅप्टन होता. एकूण नऊ हजारांवर तास, ७७७ वर ४३. तोही सुपरव्हिजनखालीच उडवत होता. त्या दिवशी त्या धावपट्टीचा ग्लाइड स्लोप बंद होता, म्हणून डोळ्यांनी बघत उतरायचं होतं. पुन्हा तेच झालं. मोड असा निवडला गेला की इंजिनं आयडलवर गेली, आणि ऑटोथ्रॉटल वेग पडू देणार नाही असा त्याचा समज. १३७ नॉट हवे होते तिथं वेग १०३ पर्यंत उतरला. विमानाची शेपटी समुद्रालगतच्या भिंतीला धडकली. ३०७ पैकी तिघं दगावले, बाकी वाचले हे नशीब. आणि शेजारी बसलेला ट्रेनिंग कॅप्टन? ट्रेनर म्हणून त्याची ती पहिलीच फ्लाइट होती. कंपनी वेगळी, देश वेगळा, विमान वेगळं, पण खड्डा तोच. या पायलटला लँडिंगचे आणखी पन्नास सेक्टर देऊनही उपयोग झाला असता की नाही कोण जाणे. स्वच्छ दिवशी, ऑटोमेशन बंद करून हाताने उतरवलेले चार सेक्टर मात्र नक्की कामाला आले असते.

युरोपात नियमातच लिहून ठेवलंय की पायलट नव्या विमानावर किंवा नव्या कंपनीत येतो तेव्हा त्याला किती ट्रेनिंग द्यायचं, हे त्याचं आधीचं शिक्षण आणि अनुभव बघून ठरवावं. आपल्या तालमींत हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण गंगावेसच्या किंवा मोतीबागेच्या वस्तादाला विचारा. शेतात राबून आलेल्या आडदांड पोराला आणि शाळेत कुस्तीची पदकं मिळवून आलेल्याला तो पहिल्या महिन्यात एकसारखा व्यायाम देईल का? पहिल्याची ताकद आहे, डाव नाहीत. दुसऱ्याचे डाव आहेत, पण दम नाही. वस्ताद आधी आठवडाभर नुसता बघतो, मग बोलतो.

आता उलट बाजू. आमच्या होस्टेलवर या विषयावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या एकाने बिनतोड मुद्दा काढला: "माणूस बघून ठरवायचं म्हटलं की वशिला आलाच. आकडा निदान सगळ्यांना सारखा असतो." खरं आहे. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. 'अनुभव बघून' या शब्दांचा अर्थ कंपनी 'कमी करून' असा लावणार. विमानं ढिगाने येताहेत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. प्रत्येक विमानाला पायलटांच्या अनेक जोड्या लागतात, आणि शिकवणारे कॅप्टन असे रातोरात तयार होत नाहीत. मग "हा अनुभवी आहे, याला दहा सेक्टर कमी चालतील" असं म्हणायचा मोह कुणाला होणार नाही?

म्हणून माझं मत असं की किमान आकडा हलवायचाच नाही. तो जमिनीसारखा पक्का राहू दे. बदल करायचा तो त्याच्या वर आणि त्याच्या आत. ठरलेल्या सेक्टरमध्ये काय करून घ्यायचं हे माणसागणिक वेगळं असावं, आणि गरज असेल त्याला वर आणखी मिळावेत. एटीआरवाल्याला जेटचा वेग आणि लांबचा विचार, फौजीला मेनू आणि मोड, २०० तासवाल्याला वारा आणि पाऊस. हे ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहिलेलं असावं, म्हणजे वशिल्यालाही पुरावा लागेल. पहिले काही सेक्टर एकाच ट्रेनरबरोबर असावेत. रोज नवा कॅप्टन आला की रोज पहिल्या पानापासून सुरुवात, आणि पोराचा दोष कुणाच्याच लक्षात येत नाही.

हे काही हवेतलं बोलणं नाही. आपल्याकडे साधा हिशेबसुद्धा चुकतो. ९ जुलै २०२४ ला एअर इंडियाच्या मुंबई-रियाध फ्लाइटवर अजून रिलीज न झालेल्या फर्स्ट ऑफिसरबरोबर जो कॅप्टन होता, तो ट्रेनर नव्हताच! कंपनीने दुसऱ्या दिवशी स्वतःहून कळवलं, आणि डीजीसीएने ऑगस्टमध्ये ९० लाखांचा दंड केला. त्याआधी २०२२ मध्ये सिम्युलेटरवर आवश्यक ट्रेनिंग झालेलं नसताना फर्स्ट ऑफिसरला इंदूरला विमान उतरवू दिलं म्हणून विस्ताराला १० लाख. ज्या व्यवस्थेत शेजारी कोण बसलंय हेच चुकू शकतं, तिथं त्याला काय येतं आणि काय येत नाही हे कोण लक्षात ठेवणार? ड्यूटी लावणारं सॉफ्टवेअर नाव आणि नंबर बघतं. त्याच्यात एक रकाना वाढवणं आपल्या कॉम्प्युटरच्या पोरांना मिनी प्रोजेक्टइतकं काम आहे. पण तो रकाना भरायला ट्रेनरला वेळ लागतो, आणि शिकवायचं कसं हे ट्रेनरलाही आधी कुणीतरी शिकवावं लागतं. हजारो तास उडवलेला माणूस चांगला शिकवतोच असं नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. (सर, हे तुमच्याबद्दल नाही.)

राहता राहिला पैशाचा भाग, आणि मला तोच सगळ्यात अवघड वाटतो. फ्लाइंगसाठी घराघरांतून लाखोंची कर्जं काढलेली असतात, कुठे शेत गहाण असतं. भाऊ सांगतो, त्याच्या कंपनीत पूर्ण पगार रिलीज झाल्यावर सुरू होई, सीनियॉरिटीही तिथूनच मोजली जाई. अशा वेळी वाढीव सेक्टर म्हणजे थेट नुकसान. मग क्रॉसविंडमध्ये हात कापत असला तरी पोरगा "जमतंय सर" असंच म्हणणार. पगाराची आणि सीनियॉरिटीची तारीख रिलीजपासून वेगळी केल्याशिवाय कितीही चांगला फॉर्म छापला तरी त्यात खरं उत्तर येणार नाही. मी भावाला विचारलं, तुमच्या बॅचमध्ये स्वतःहून "मला अजून चार लँडिंग द्या" म्हणणारा कुणी निघाला का? म्हणाला, एकच निघाला. तो आता चांगला उडवतो, पण कँटीनमध्ये त्याला अजून 'एक्स्ट्रा' म्हणूनच हाक मारतात.